रत्नागिरी–पावस रोजच्या ये-जा करण्यासाठी कोणती गाडी घ्यावी: क्लासिक ३५०, हंटर, हायनेस की स्पीड ४००?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन रत्नागिरीत आलात, घर पावसच्या बाजूला मिळालं, रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर पडतं, आठवड्यातले तीन-चार दिवस बायको मागे असते आणि उंची पाच फूट पाच इंच. शिवाय शेवटी विचारलंय, "थोडे जास्त पैसे टाकून दुप्पट ताकद मिळत असेल तर स्पीडच का घेऊ नये?"

मी याच रस्त्यावर चार वर्षं रॉयल एनफील्डची क्लासिक चालवतोय. मेव्हण्याकडे होंडाची हायनेस आहे, ऑफिसातल्या मित्राची हंटर (तीही एनफील्डचीच) अधूनमधून माझ्याकडे असते. ट्रायम्फची स्पीड मात्र दोनच दिवस चालवली, एकदा कोल्हापूरला जायचं होतं म्हणून मागून घेतली होती.

आधी ताकदीचं बघू. क्लासिक आणि हंटरला एकच ३४९ सीसीचं इंजिन, २०.२ बीएचपी ताकद आणि २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. हायनेसची ताकद साधारण तेवढीच, पण टॉर्क ३०, आणि तो ३००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतानाच, मिळतो. स्पीडचं इंजिन ३९८ सीसीचं, ४० पीएस (बीएचपीसारखंच माप), ३७.५ न्यूटन-मीटर. म्हणजे कागदावर तुमचं म्हणणं बरोबर आहे. आंबा घाट चढताना पुढे उसाचा ट्रक असला की त्या ४० पीएसचा अर्थ कळतो. तिसऱ्या गिअरमध्ये पिळली की ट्रक मागे. पण भाट्याचा पूल, फणसोप, गोळप, पावस या रस्त्यावर ती ताकद वापरणार कुठे? वळण संपतं तोवर बस समोर येते, नाहीतर गुरं बसलेली असतात. मी या रस्त्यावर साठच्या वर फारसा गेलेलो नाही, आणि गेलो तेव्हा पस्तावलोय. स्पीडचा पूर्ण टॉर्क ६५०० आरपीएमला मिळतो. आपल्याकडे मागे माणूस, डिकीत बाजार आणि पुढे चढ असा प्रकार असतो, तिथे खालच्या आरपीएमला ओढणारी गाडी सुखाची.

पैशांचंही एक आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. त्यामुळे तुम्ही म्हणता ते "थोडे जास्त पैसे" नेमके किती, ते आजच्या ऑनरोड किमतीवरून ताडून बघा, जुने व्हिडिओ बघून नको.

आता वजन. क्लासिक १९५ किलो, हंटर आणि हायनेस १८१, स्पीड १८० च्या आत. शोरूममध्ये या १४ किलोंना कोणी विचारत नाही, कारण गाडी एकदा चालू पडली की वजन जाणवतच नाही. जाणवतं ते घरी. आमचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे, वाटेला चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) बसवलेत, आणि जुलै उजाडला की त्या चिऱ्यांवर असं शेवाळ धरतं की चप्पल टिकत नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, गाडी वळवायची तर पुढे दोन हात, मागे दोन हात, मध्ये तुळस. रोज सकाळी ही कसरत पावसात रेनकोट घालून करायची. माझी उंची पाच फूट नऊ आहे, तरी दोनदा गाडी अंगावर आलीय.

तिसऱ्यांदा रस्त्यावर आली. जूनचे पहिले दिवस, चिऱ्यांच्या ट्रकने खाणीतून आणलेली तांबडी माती वळणावर सांडलेली, वर भुरभुर पाऊस. तो चिखल दिसायला ओल्या रस्त्यासारखाच दिसतो, पायाखाली साबण. वेग असेल पंधरा-वीस. मी पुढचा ब्रेक नको तेव्हा दाबला, चूक माझीच, आणि गाडी डाव्या अंगाला पडली, सायलेन्सर उजवीकडे, म्हणून पाय भाजला नाही एवढंच नशीब. एकट्याने गाडी उचलेना. पावसच्या बाजाराला निघालेल्या दोघी मासेवाल्या मावशी थांबल्या, पाट्या खाली ठेवल्या आणि तिघांनी मिळून ती उभी केली. एक म्हणाली, "एवढी जड गाडी कशाला घेतलास रे बाबा?" चार वर्षांत याहून चांगला रिव्ह्यू मी वाचलेला नाही.

एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सोयीची, एक गोष्ट याच ओघात. हंटरचं सगळ्यांत स्वस्त मॉडेल मागे ड्रम ब्रेक आणि फक्त पुढच्या चाकाला एबीएस असं आलं होतं. सेकंडहँड बघत असाल तर ते सोडा. दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच घ्या.

चाकांकडे लोक लक्ष देत नाहीत. हंटर आणि स्पीडला दोन्हीकडे १७ इंची, क्लासिक आणि हायनेसला पुढे १९, मागे १८. गावातल्या गर्दीत, मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत, हंटरसारखी गाडी नाही, स्कूटरसारखी वळते. पण पावसाळ्यानंतरचा रस्ता म्हणजे खड्डे, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली आत गेल्याशिवाय कळत नाही. तिथे मोठं चाक बरं. त्यात २०२५ च्या आधीच्या हंटरचं मागचं सस्पेन्शन कडक आहे, मागे बसणारीला विचारा. नंतरच्या मॉडेलमध्ये ते सुधारलंय. स्पोकच्या क्लासिकला ट्यूब असते. पंक्चर झालं की चाक खोलणं आलं, आणि रात्री आठनंतर गोळपच्या सड्यावर (उघड्या माळावर) चाक खोलून देणारा कोण भेटतोय! अलॉयची क्लासिक घेतलीत तर ही कटकट नाही. हायनेस आणि स्पीडला ट्यूबलेसच, हंटरलाही, फक्त तिच्या सगळ्यांत स्वस्त मॉडेलला स्पोक आणि ट्यूब.

आता खाऱ्या हवेचं सांगतो, कारण घाटावरून येणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने समुद्राचं वारं. चारही गाड्यांना उघडी चेन आहे. पावसात दोन दिवस गाडी उभी राहिली की चेनवर तांबूस थर दिसतो. आमचा मेकॅनिक म्हणतो, "इंजिन नाय मरत वो, नटबोल्ट मरतात." खरंय. मडगार्डच्या आतले बोल्ट, स्टँडची स्प्रिंग, सायलेन्सरचा जोड, स्पोकच्या निपल्या, इथून सुरुवात होते. क्लासिकचं क्रोम दिसतं सुंदर, पण दर रविवारी अर्धा तास त्याच्यासाठी काढावा लागतो. काळ्या रंगाचे भाग जास्त असलेली गाडी कमी राबवते.

चेन पावसाळ्यात दर तीनशे-चारशे किलोमीटरला पुसून तिला नव्वद नंबरचं गिअर ऑइल द्यायचं. पेट्रोलने धुऊ नका, आतल्या रबरी रिंगा जातात. या कामाला डबल स्टँड लागतो: क्लासिकला येतो, स्पीडला फक्त साइड स्टँड आहे. साइड स्टँड आमच्या मातीत रुततो, म्हणून डिकीत चिऱ्याची एक चपटी कपची ठेवा. हसू नका, फेरीबोटीच्या रांगेतसुद्धा कामाला येते. आणि पावसात गाडीवर प्लास्टिक घट्ट बांधू नका, आत दमट राहून जास्त गंजते. वर पत्रा, बाजू मोकळ्या.

सर्व्हिसच्या बाबतीत स्पीडचं एक कौतुक करायला हवं, तिची सर्व्हिस १६,००० किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा. पण रोज चाळीस किलोमीटर म्हणजे वर्षात दहा-बारा हजार झालेच, त्यामुळे तुम्हाला तसंही वर्षाने जायचंच आहे. शिवाय पुढे रेडिएटर आहे, लाल माती त्यात बसते, हलक्या पाण्याने धुवावा लागतो. कुठलीही कंपनी घ्या, अधिकृत वर्कशॉप गावात आहे की घाट चढून जावं लागतं ते आधी विचारा. इथून कोल्हापूर १३० किलोमीटर. क्लच केबलसाठी कोणी जात नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी हायनेस. मागे बायको, चढ, खड्डे, ट्यूबलेस टायर, १५ लिटरची टाकी (क्लासिक आणि हंटरची १३) आणि क्लासिकपेक्षा १४ किलो कमी वजन, सगळं जुळतं. सीट ८०० मिलिमीटर उंच आहे, हंटरची ७९०. पाच फूट पाच इंचाला दोन्ही जमतील, पण बूट घालून बसून बघा. वहिनी साडीत एका बाजूला बसत असतील तर साडी गार्ड आणि पाय ठेवायची पट्टी बसवून घ्या आणि त्यांना घेऊनच टेस्ट राइडला जा. भाट्याहून गोळपचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. एकटेच फिरणार असतात तर मी हंटर सांगितली असती. स्पीड तेव्हा, जेव्हा दर शनिवारी घाटावर जायचं असेल.

माझी क्लासिक मी विकणार नाही, पण ते वेगळं प्रकरण आहे, त्याला कारण विचारू नका.

फक्त एक कळवा, तुमचं घर रस्त्याच्या वर आहे की खाली? खाली असेल आणि वाटेला चिरे असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी हंटर हाताने ढकलून बघा, मग हायनेस.