लोकप्रिय राखीव खेळाडूला क्लबने ठेवावं की सोडावं? इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबने आपल्या बेल्जियन स्ट्रायकर ओरिगीला जाऊ दिलं ते बरोबर होतं का?

तुम्ही लिहिलंय की या प्रश्नावरून तुमच्या मित्रांत सरळ दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, ज्याने बार्सिलोनाला दोन गोल मारले आणि चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या, फायनलमध्येही गोल मारला, त्याला क्लबने कधीच सोडायला नको होतं. दुसरा म्हणतो, पुढे इटलीच्या मिलान क्लबमध्ये त्याचं काय झालं बघा, खेळाडू मुळात तेवढाच होता. मी पंधरा वर्षं लिव्हरपूल बघतोय. त्याआधी कोल्हापुरात आमच्या पेठेच्या संघात दोन हंगाम बेंचवर काढलेत. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे आणि उत्तर जरा लांबणार आहे.

माझं मत आधीच सांगतो. २०२२ मध्ये जाऊ दिलं ते बरोबरच झालं, फक्त वर्षभर उशिरा झालं. त्या उशिराचा फायदा क्लबला झाला आणि तोटा डिवॉक ओरिगीला.

आधी तो इतका लाडका का झाला ते बघू. २०१८ च्या डिसेंबरपर्यंत तो जवळजवळ विसरला गेलेला खेळाडू होता. आदला हंगाम त्याने उसनवारीवर जर्मनीत वुल्फ्सबर्गकडून काढला होता. शहरातल्याच दुसऱ्या क्लबविरुद्ध, एव्हर्टनविरुद्धच्या डर्बीत ८४ व्या मिनिटाला फिर्मिनोच्या जागी तो आत आला. ९६ व्या मिनिटाला आमच्या वॅन डाइकचा एक पार फसलेला फटका उंच हवेत गेला. सगळे वळून परत निघाले होते. बॉल खाली येताना एव्हर्टनचा गोली पिकफर्ड त्याला हात लावायला गेला, तो बारवर आपटून परत मैदानात आला आणि समोर ओरिगी उभा. बॉल बाहेरच जाणार असं धरून बाकीचे थांबले होते, हा एकटा थांबला नव्हता. मला त्या गोलमधलं हेच सगळ्यात आवडतं.

मग २०१९ चा मे महिना. न्यूकॅसलला शेवटच्या पाच मिनिटांत हेडर. तीन दिवसांनी अ‍ॅनफिल्डवर बार्सिलोना. पहिला सामना ३-० ने हरलेलो, पुढच्या फळीतला सालाह नाही, फिर्मिनो नाही. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. मी टीव्हीचा आवाज बंद करून बसलो होतो, आतल्या खोलीत आई झोपली होती. सातव्या मिनिटाला ओरिगी. उत्तरार्धात विनाल्डमने दोन मिनिटांत दोन. आणि ७९ व्या मिनिटाला तो कॉर्नर, आमचा ट्रेंट बॉलपासून दूर जातोय असं दाखवून झटकन परत फिरला. बार्सिलोनाचे बचावपटू पाठ करून उभे, आणि ओरिगीची मान मात्र बॉलकडे. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने आई दचकून उठली, काय झालं, काय झालं करत बाहेर आली. १ जूनला माद्रिदमध्ये टॉटनहॅमविरुद्ध ८७ व्या मिनिटाला त्यानेच फायनल संपवली.

असा माणूस तुमच्या संघात असेल तर त्याला सोडा असं म्हणायला जीभ रेटत नाही. त्या उन्हाळ्यात क्लबने त्याच्याशी नवा करार केला, तो अगदी बरोबर होता. वय २४, नुकतीच युरोपची ट्रॉफी जिंकलेली आणि समोर सालाह, फिर्मिनो, माने हे तिघे फॉर्मात. वर्षभर त्यांच्यामागे थांबायला कुणाचीच हरकत नसते. त्या हंगामात त्याला सामनेही मिळाले, डिसेंबरमध्ये एव्हर्टनविरुद्ध ५-२ मध्ये दोन गोल मारले, लीगही जिंकली.

खरी गोष्ट यानंतर सुरू होते आणि लोकांच्या भांडणात तीच राहून जाते. २०२०-२१ मध्ये ओरिगीचा अख्ख्या हंगामात एकच गोल आहे, तोही लीग कपमध्ये लिंकनविरुद्ध, ७-२ मध्ये. त्या हंगामाचं एक चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. २१ जानेवारी २०२१, बर्नली, अ‍ॅनफिल्ड, रिकामी स्टँड्स. ओरिगी त्या दिवशी सुरुवातीपासून खेळत होता. मध्यंतराच्या जरा आधी बर्नलीच्या बेन मीची चूक झाली आणि ओरिगी एकटा गोलीसमोर सुटला. धावायला जागा होती, विचार करायला वेळ होता. फटका क्रॉसबारवर. उत्तरार्धात पेनल्टीवर बर्नलीने सामना १-० ने जिंकला आणि घरच्या मैदानावर लीगमध्ये सलग ६८ सामने न हरण्याची मालिका तिथे तुटली.

हाच माणूस बार्सिलोनासमोर डगमगला नव्हता. मग इथे काय झालं? बेंचवर बसलेल्यालाच हे कळतं, म्हणून माझा अनुभव सांगतो.

शाहू स्टेडियमवर सामना असला की आम्ही चार-पाच जण कडेला बसायचो. बुटाच्या नाड्या सोडायच्या, परत बांधायच्या. कोच नुसता मागे वळला तरी पोटात गोळा यायचा. शेवटची दहा मिनिटं आत जायचं असेल तर डोकं एकदम हलकं असतं. पुढचे दमलेले असतात, तुमचे पाय ताजे असतात, आणि करायचं एकच असतं, बॉल आला की गोलकडे जायचं. पण महिनाभर असं बसवून एक दिवस सुरुवातीपासून उतरवलं की सगळं बदलतं. पहिला बॉल पायाखालून निसटतो. वीस मिनिटांत छाती भरून येते. प्रॅक्टिस रोज केलेली असते, पण सामन्याचा दम प्रॅक्टिसने येत नाही, तो सामन्यानेच येतो. मोकळा चान्स मिळाला की मनात येतं, हा घालवला तर परत दोन महिने बेंच. पायात जडपणा येतो तो त्या विचाराने. ओरिगीच्या मनात त्या क्षणी काय होतं हे मला माहीत असल्याचा माझा दावा नाही. पण तो फटका मी बघितला तेव्हा मला माझे पाय आठवले.

आमच्या संघात एक डाव्या पायाचा पोरगा होता. शेजारच्या पेठेविरुद्ध शेवटच्या मिनिटाला त्याने गोल मारला आणि गॅलरीने त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या हंगामात दुसऱ्या एका संघाने त्याला बोलावलं, सुरुवातीपासून खेळवतो म्हणाले. आमच्या मंडळातल्या थोरामोठ्यांनी आणि आम्ही पोरांनी मिळून त्याला जाऊ दिलं नाही. कट्ट्यावर रात्री अकरापर्यंत बसून समजावलं, पेठ सोडून जातो काय रे म्हणून. तो राहिला. तीन हंगाम दहा-दहा मिनिटं खेळला. गॅलरी त्याचं नाव घेऊन ओरडायची, तो हात वर करायचा. मग गुडघा गेला आणि नोकरी लागली. आता भेटला की अजून त्या एका गोलबद्दलच लोक बोलतात. मला मात्र तो न खेळलेले सामने आठवतात, आणि त्याला अडवणाऱ्यांत मी होतो हे मला लागतं.

म्हणून तुमच्या पहिल्या गटाला माझा प्रश्न आहे. तुम्ही गोल मोजताय, मिनिटं मोजलीत का? २०२१-२२ मध्ये ओरिगी लीगचे सात सामने खेळला, सातही बेंचवरून. सगळ्या स्पर्धा धरून त्या वर्षी त्याचे सहा गोल आहेत, एवढ्या थोड्या वेळात ते कमालीचे आहेत. ४ डिसेंबर २०२१ ला वुल्व्ह्जविरुद्ध ९४ व्या मिनिटाला गोल मारून तीन गुण आणले. त्या वर्षी मँचेस्टर सिटीने लीग ९३ विरुद्ध ९२, अशी एका गुणाने जिंकली. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत शर्यत जिवंत राहिली त्यात त्याचा वाटा होता. क्लबच्या बाजूने बघितलं तर त्याला ते वर्ष ठेवलं हा उत्तम निर्णय. पण २६-२७ वर्षांच्या स्ट्रायकरने वर्षभरात लीगमध्ये एकदाही पहिल्या अकरांत नसावं? स्ट्रायकरची हीच वर्षं असतात. ती परत येत नाहीत.

मिलानचा मुद्दा घेऊन बोलणाऱ्या दुसऱ्या गटाशीही माझं जमत नाही. हो, मिलानमध्ये पहिल्या हंगामात लीगचे दोनच गोल झाले, मग उसनवारीवर नॉटिंगहॅम फॉरेस्ट, तिथेही काही जमलं नाही. पण यावरून खेळाडू मुळात तेवढाच होता असं कसं ठरतं? गंमत बघा, डिसेंबर २०२१ मध्ये याच ओरिगीने सान सिरोवर जाऊन मिलानविरुद्ध विजयी हेडर मारला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो त्याच मैदानावर लाल-काळा शर्ट घालून उभा राहिला. कसब एकाएकी कुठे जात नाही. पण दोन-तीन वर्षं कमी खेळलेलं शरीर घेऊन नव्या देशात, नव्या भाषेत, पहिला स्ट्रायकर म्हणून उभं राहायचं आणि वर दुखापती, हे सोपं नाही. माझ्या मते मिलानला मिळालेला ओरिगी हा लिव्हरपूलच्या बेंचने घडवलेला ओरिगी होता. २०२१ च्या उन्हाळ्यात गेला असता तर वेगळं झालं असतं असं मला वाटतं.

इथे कुणीतरी सोल्शारचं नाव काढणारच, आमच्या कट्ट्यावरही निघतं. १९९८ मध्ये मँचेस्टर युनायटेडने ओले गुनार सोल्शारसाठी टॉटनहॅमची बोली मान्य केली होती, त्याने स्वतःच जायला नकार दिला. पुढच्या मे महिन्यात बार्सिलोना शहरात झालेली चॅम्पियन्स लीगची फायनल त्याने जर्मनीच्या बायर्नविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये जिंकून दिली. तेव्हा ‘बघा, ठेवला म्हणून झालं’ असं म्हणतात. पण सोल्शार नुसता बेंचवरचा नव्हता हो. २००१-०२ मध्ये त्याने २५ गोल मारले, युनायटेडकडून एकूण १२६. त्याला सलग सामने मिळायचे, तो लयीत राहायचा. शिवाय राहण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. बेंचवर बसून समोरच्या बचावपटूंचा अभ्यास करायचो असं तो सांगतो, म्हणजे त्याने ते काम म्हणून पत्करलं होतं. लिव्हरपूलच्याच जुन्या डेव्हिड फेअरक्लॉचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. मार्च १९७७ मध्ये बेंचवरून येऊन त्याने फ्रान्सच्या सेंत एतियेनविरुद्ध गोल मारला आणि क्लबला युरोपियन कपच्या (आताच्या चॅम्पियन्स लीगच्या) सेमीफायनलमध्ये नेलं. त्याच स्पर्धेच्या रोममधल्या फायनलला तो बेंचवरच बसून राहिला. लोक त्याला अजून ‘सुपरसब’ म्हणूनच ओळखतात.

ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही, तो प्रामाणिकपणे मांडतो. ओरिगी गेला आणि नेमक्या पुढच्याच हंगामापासून, २०२२-२३ पासून, प्रीमियर लीगमध्ये तीनऐवजी पाच बदली खेळाडूंचा नियम कायमचा लागू झाला. त्यात ऑक्टोबरमध्ये पुढच्या फळीतले दियाझ आणि जोटा आठवड्याच्या अंतराने जखमी झाले. लिव्हरपूल पाचव्या नंबरवर राहिलं, चॅम्पियन्स लीग हुकली. त्या हिवाळ्यात कितीतरी सामन्यांत ७५ व्या मिनिटाला मी कडेला ओरिगी वॉर्मअप करताना दिसतोय का बघायचो, सवयच होती ती. तरीही, आपल्याला ७५ व्या मिनिटाला कुणीतरी हवा म्हणून एका माणसाने आठवडाभर बसून राहायचं, हे मागणं मला आता जड जातं.

तुमच्या ग्रुपमध्ये आता ज्या कुणा खेळाडूवरून वाद चालू असेल, त्याच्याबद्दल एवढंच बघा. त्याचं वय काय, गेल्या हंगामात त्याने किती सामने सुरुवातीपासून खेळले, आणि त्याच्या पुढे उभा असलेला खेळाडू दोन वर्षांत जाणार आहे की नाही. वय २२-२३ असेल, किंवा पुढचा तिशी ओलांडलेला असेल, तर ठेवा, भांडून ठेवा. वय ३२ असेल आणि त्याला स्वतःला राहायचं असेल तरी ठेवा, ड्रेसिंग रूमला असे लोक लागतात. पण २५-२६ चा असेल आणि आत यायची वाट कुठेच दिसत नसेल, तर जाऊ द्या. राखीव गोलकीपरला हे सगळं लागू नाही, त्याचं गणितच निराळं असतं.

आणि जाऊ द्यायचं तर कसं, ते लिव्हरपूलने दाखवलं. २४ एप्रिल २०२२, पुन्हा एव्हर्टन, पुन्हा अ‍ॅनफिल्ड. तासाभराने ओरिगी आत आला. दोनच मिनिटांत त्याच्या आणि सालाहच्या देवाणघेवाणीतून रॉबर्टसनचा गोल झाला. ८५ व्या मिनिटाला स्वतः हेडर मारला. एव्हर्टनविरुद्ध त्याचा तो सहावा गोल, आणि लिव्हरपूलसाठी शेवटचा. महिन्याभराने, २२ मे ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी सहकाऱ्यांनी दोन रांगा केल्या आणि तो मधून चालत आला. पॅरिसमधल्या चॅम्पियन्स लीगच्या फायनलला तो जखमी होता, त्यामुळे लाल शर्टात तो परत दिसलाच नाही. १७५ सामने, ४१ गोल. त्या दिवशी मी एकटाच बघत होतो आणि आई बाहेर येऊन टीव्हीकडे बघत म्हणाली, हा तोच ना, त्या रात्रीचा?