हॉस्टेलवर मित्र दारू पिऊन बेशुद्ध पडला तर रेक्टरला सांगायचं, की झोपू द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की गेल्या शनिवारी रूममेट 'आउट' झाला, हाका मारूनही उठेना, म्हणून पांघरूण घालून झोपू दिला आणि सकाळी तो उठला. पुन्हा तसं झालं तर रेक्टरला सांगावं का? हो, सांगाच. पण त्याच्याही आधी 108 ला फोन लावा.

पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. सबमिशन संपलं त्या रात्री आम्ही पाच जण खोलीत बसलो. एरवी बिअरपलीकडे न गेलेल्या एकाने पैजेवर अर्धा खंबा (पाऊण लिटरच्या बाटलीतली निम्मी दारू) पाऊण तासात संपवला. बाराच्या सुमारास तो उताणा पडून घोरायला लागला. घोरणं कसलं, घशात पाणी अडकल्यासारखा ओला, गुरगुरता आवाज. "घोरतोय ना, मग ठीक आहे," असं मीच म्हणालो. शुद्ध हरपली की जीभ सैल पडून मागे सरकते आणि श्वासाची वाट अडते, तो आवाज त्याचा असतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

मोबाइलच्या उजेडात त्याची नखं निळसर दिसली आणि आमची खाडकन उतरली. तरीही वीस-पंचवीस मिनिटं आम्ही भांडत राहिलो. रस्टिकेट करतील, घरी फोन जाईल, प्लेसमेंटचं काय? आवाज ऐकून रात्रपाळीचे वॉचमन काका वर आले. एक शब्द न विचारता त्यांनी त्याला कुशीवर वळवलं आणि लगेच भडाभडा उलटी झाली. उताणा असता तर ती श्वासनलिकेत गेली असती.

हॉस्पिटलात आम्ही "बाहेरचं काहीतरी खाल्लं" असं खोटं सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "सोबत गोळ्या घेतल्यात का?" त्या प्रश्नाचं मोल मला नंतर कळलं. 'बटण' म्हणून मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्ही श्वास मंदावतात. एकत्र पोटात गेल्या तर श्वास थांबूही शकतो. म्हणून जे घेतलं, जितकं घेतलं, ते सगळं डॉक्टरांना सांगा. पाकीट असेल तर सोबत न्या.

'झोपला की उतरेल' हा समज फार घातक आहे. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात उतरतच राहते, त्यामुळे झोपलेल्याची अवस्था आणखी बिघडू शकते. लिव्हर तासाला जेमतेम एक छोटा पेग निकालात काढतं. लिंबू, ताक, काळी कॉफी यांनी तो वेग वाढत नाही. बेशुद्ध माणसाला काही पाजू नका, उलटी काढायला घशात बोटं घालू नका, गार पाण्याखालीही नेऊ नका. चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांचा खंड पडत असेल, ओठ निळे किंवा अंग गार पडलं असेल, तर यातलं एकही पुरे. फोन करा, कुशीवर वळवा आणि कुणीतरी सतत जवळ बसा.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 आहे आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी 25. आम्हाला महिनाभर हॉस्टेलबाहेर काढलं. तो महिना मी चिंचवडला मामाकडे काढला, आईशी नजर मिळवायला त्याहून जास्त दिवस लागले. पण मित्र सातवं-आठवं सेमिस्टर आमच्यासोबतच बसून पास झाला.

तुमचा रूममेट दर आठवड्याला पितो असंही तुम्ही लिहिलंय. शुद्धीवर असताना, एकटा गाठून बोला. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे आणि पुण्यात अनिता व अनिल अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. पहिल्यांदा जाताना तुम्ही सोबत जा.

आणि पुढच्या वेळी बसायच्या आधीच ठरवा, त्या रात्री न पिता जागं कोण राहणार.