दिंडीच्या गाडीला दुसरी बॅटरी

प्रश्न : आमच्याकडे २००३ सालचा डिझेल पिकअप ट्रक आहे. एरवी तो मांजरीहून मार्केट यार्डात भाजी नेतो आणि आषाढी वारीत दिंडीचे सामान घेऊन पंढरपूरला जातो. मुक्कामी रात्रभर दिवे, भजनासाठी अ‍ॅम्प्लिफायर आणि वारकऱ्यांच्या मोबाईलचे चार्जिंग, हे सगळे गाडीच्या एकुलत्या एका ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर चालते. गेल्या वर्षी दोनदा पहाटे सेल्फ लागला नाही आणि चिखलातून गाडी ढकलावी लागली. बॉनेटखाली एअर फिल्टरच्या पुढे जागा आहे. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी तिथे बसवून दोन्ही बॅटऱ्या जाड वायरने जोडून देतो, असे आमचे वायरमन म्हणतात. तसे करावे का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : दुसरी बॅटरी जरूर बसवा, पण या पद्धतीने नको. दोन बॅटऱ्या नुसत्या जाड वायरने समांतर जोडल्या की त्या दोन राहत नाहीत, त्यांची एकच मोठी बॅटरी होते. रात्रभर दिवे चालले की दोन्ही बरोबरीने उतरतात आणि पहाटे गाडी ढकलण्याची वेळ तशीच येते. त्यातली एक जुनी असेल तर ती नव्या बॅटरीलाही आपल्याबरोबर खाली ओढते. इंजिन बंद होताच सेल्फची बॅटरी बाकी सगळ्यापासून वेगळी झाली पाहिजे, हे या कामाचे मर्म आहे. ते साधले नाही, तर उरलेला खर्च वाया गेला असे समजा.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी तर गाडीत घालूच नये. ती पन्नास किलोच्या आसपास भरते, बहुतेक बॉनेटखाली मावत नाही आणि घरात एका जागी स्थिर उभी राहण्यासाठी बनवलेली असल्यामुळे रस्त्याचे हादरे सोसत नाही. उलट, सेल्फसाठीची साधी बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी पातळ पट्ट्यांची केलेली असते. ती रोज अर्ध्यापर्यंत उतरवली तर थोड्याच महिन्यांत निकामी होते. ई-रिक्षासाठी मिळणाऱ्या १०० अँपिअर-तासांच्या आसपासच्या बॅटऱ्या हादऱ्यांचा आणि रोज खोल उतरण्याचा विचार करूनच केलेल्या असतात. पुण्याच्या नाना पेठेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशीला जाण्याआधी बॉनेटखालची उंची मोजून घ्या.

आता हिशेब पाहू. प्रत्येकी १० वॉटचे चार एलईडी दिवे आठ तास लावले, तर ३२० वॉट-तास होतात. अ‍ॅम्प्लिफायर सरासरी ४० वॉट घेत तीन तास चालला, तर १२०. डझनभर मोबाईलचे साधारण १८०. बेरीज ६२० वॉट-तास, म्हणजे बारा व्होल्टवर सुमारे ५२ अँपिअर-तास. त्यामुळे १०० अँपिअर-तासांची बॅटरी एका रात्रीत अर्धी रिकामी होईल, आणि त्याहून जास्त ती उतरवू नये. दिवे थेट बारा व्होल्टवर चालणारेच घ्या, कारण इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट करून घेण्यात काही वीज फुकट जाते.

बॅटरीच्या आकाराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती परत भरण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विचारात घेतला जात नाही. घेतलेले ५२ अँपिअर-तास परत करायला सुमारे ६० द्यावे लागतात. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा वारकऱ्यांना दिवसभर चालायला लावतो, गाडीला मात्र तो जेमतेम तासाभराचा. आणि तेवढ्या वेळात अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडून, दुसऱ्या बॅटरीला फार तर २५ ते ३० अँपिअर-तास मिळतील. म्हणून मोबाईलचे चार्जिंग गाडी चालू असतानाच उरकावे आणि मुक्कामी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत परवानगीने वीज मिळाली, तर १० अँपिअरच्या चार्जरवर बॅटरी पाच-सहा तास लावावी. आषाढातल्या ढगांमुळे सोलर पॅनेलवर सगळी भिस्त ठेवता येणार नाही.

मोठा अल्टरनेटर बसवण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. तो मानण्याआधी जुन्या अल्टरनेटरच्या पाठीमागे पाहा. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडल हलके करणाऱ्या भागाला, लागणारा व्हॅक्यूम पंप तिथेच जोडलेला असतो. पंप नसलेला अल्टरनेटर लावला, तर दिवे झकास लागतील, पण ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होईल.

दोन बॅटऱ्यांना जोडण्याचे आणि वेगळे करण्याचे काम व्होल्टेज ओळखणाऱ्या रिलेकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचकडे, द्या. चार्जिंग सुरू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि इंजिन बंद झाल्यावर ते १२.८ च्या खाली आले की वेगळ्या करतो. डायोडचा आयसोलेटर स्वस्त पडला तरी घेऊ नका, कारण त्यात ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि दुसरी बॅटरी कायम अर्धपोटी राहते. इग्निशनच्या चावीवर चालणारा साधा रिलेही नको; सेल्फ मारताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडून ठेवतो आणि सेल्फचा प्रचंड प्रवाह दोन बॅटऱ्यांमधल्या वायरमधून जाऊन फ्यूज उडतो. दिव्यांच्या लाईनवर लो-व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरली की दिवे तोडणारा स्विच, बसवला, तर रात्री कोणी लक्ष दिले नाही तरी बॅटरी मरणार नाही.

बॅटऱ्यांमधली वायर २५ चौरस मिलीमीटरची तांब्याची घ्या आणि १०० अँपिअरचे दोन फ्यूज लावा, दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला अगदी लगटून एकेक. एकाच टोकाला फ्यूज लावलेल्या गाड्या मी वारंवार पाहतो. विजेचा उगम दोन्ही टोकांना असतो. मधली वायर घासून बॉडीला टेकली, तर बिनफ्यूजच्या बाजूची बॅटरी तिला लाल होईपर्यंत तापवते, आणि शेजारीच डिझेलचे पाईप असतात.

नवीन काही जोडण्याआधी जुनी अर्थिंगची वायर मात्र तपासाच. अशाच एका गाडीची अर्थ वायर मी थिंबलपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपाशी, चाकूने सोलली होती. वरून रबर शाबूत होते, पण आत चार इंचांपर्यंत तांबे हिरवे पडले होते आणि बोटाने चोळताच तारांचा भुगा होत होता. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरून सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट दिसला, तर तुमच्या पहाटेच्या त्रासात बॅटरीइतकाच या वायरचाही हात आहे. बॅटरी ते चॅसिस आणि चॅसिस ते इंजिन, अशा दोन्ही वायरी नव्या टाका.

बॅटरीचा ट्रे नुसत्या पत्र्यावर कसू नका. २५ ते ३० किलोचे वजन खड्ड्यात आदळले की पत्रा चिरतो. चॅसिसला किंवा आतल्या मजबूत पट्टीला धरून ३ मिलीमीटरच्या अँगलची चौकट करा, खाली रबर घाला आणि वरून क्लॅम्प आवळा. एअर फिल्टरची हवा अडू देऊ नका. इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून जितके दूर जाता येईल तितके जा आणि मध्ये थोडी पोकळी सोडून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा करा, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. बॉनेट टर्मिनलला लागते का, हे पाहायला टर्मिनलवर कणकेचा गोळा ठेवून बॉनेट हळूच मिटा. उघडल्यावर गोळा चपटा होऊन एक इंचापेक्षा कमी जाड उरलेला दिसला, तर ट्रे खाली घ्या. प्लस टर्मिनलवर रबराची टोपी हवीच. काम सुरू करताना मायनस आधी काढा आणि शेवटी जोडा, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडणार नाही. गाडीचा मूळ हार्नेस, म्हणजे कंपनीने घातलेला वायरींचा जुडगा, कुठेही कापू नका. पासिंगच्या वेळी ही सगळी जोडणी तासाभरात उतरवता आली पाहिजे.

प्रश्न : आमच्या मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आधीच आहेत. त्यांतल्या एकीवरून टेप आणि दिवे चालवतो. चालेल का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : नाही. तुमच्या ट्रकच्या बॅटऱ्या २४ व्होल्टसाठी एकामागे एक जोडलेल्या आहेत, हडपसरच्या वाचकांच्या जोडणीशी त्यांचा संबंध नाही. एकीवरूनच वीज घेतली की ती रोज जास्त उतरते आणि तिला कमी चार्जिंग मिळते, तर दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. चोवीसचे बारा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा आणि दोन्ही बॅटऱ्या बदलायची वेळ आली की एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या घ्या.