'आर्टिकल ८' फंड म्हणजे सरकारने तपासलेला हिरवा फंड का? युरोपात लहान गुंतवणूकदाराला खरंच किती संरक्षण आहे?

तुम्ही विचारलंय की तुम्ही तीन वर्षं जर्मनीत आहात, बँकेतल्या सल्लागाराने एक 'सस्टेनेबल' फंड सुचवलाय आणि तो 'युरोपियन कायद्याच्या आर्टिकल ८ मध्ये बसतो' असं सांगितलंय. मग तो सरकारने तपासून दिलेला हिरवा फंड समजायचा का, आणि नंतर फसवणूक निघाली तर कायदा तुमच्या मागे उभा राहील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर 'काही प्रमाणात', आणि ते प्रमाण तुम्ही कोणता कागद मागून घेता यावर बरंचसं अवलंबून आहे. मी नऊ वर्षं लक्झेंबर्गमध्ये आहे आणि फंडांचे हेच कागद भरण्याचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्याचं नाव एसएफडीआर, म्हणजे सस्टेनेबल फायनान्स डिस्क्लोजर रेग्युलेशन. २०१९ मध्ये मंजूर झाला, १० मार्च २०२१ पासून लागू आहे. त्यातला 'डी' म्हणजे डिस्क्लोजर, माहिती उघड करणं. फंडाने काय विकत घ्यावं हे हा कायदा जवळपास सांगतच नाही. पर्यावरणाबद्दल किंवा समाजाबद्दल तुम्ही काही दावा करत असाल तर तो कशाच्या जोरावर, हे लिहून द्या, एवढंच सांगतो. बिस्किटाच्या पुड्यावर घटकपदार्थ छापणं सक्तीचं आहे म्हणून बिस्किट पौष्टिक होत नाही, तसंच हे.

आर्टिकल ८ म्हणजे इतर गोष्टींबरोबर पर्यावरणीय किंवा सामाजिक वैशिष्ट्यांना 'प्रोत्साहन' देणारा फंड. आर्टिकल ९ म्हणजे शाश्वत (सस्टेनेबल) गुंतवणूक हेच ज्याचं उद्दिष्ट आहे तो. बाकीचे आर्टिकल ६. कुठल्या खणात बसायचं हे फंड कंपनी स्वतः ठरवते. नियामक प्रॉस्पेक्टस (फंडाची अधिकृत माहितीपुस्तिका) पाहतो, पण 'हा फंड हिरवा आहे' असा दाखला कुणीही देत नाही. आठव्या खणाची व्याख्या तर इतकी सैल आहे की फक्त क्लस्टर बॉम्ब आणि तंबाखू वगळणारा फंडही तिथे बसू शकला आणि खरोखर कसून निवड करणारा फंडही तिथेच बसला. विक्री करणाऱ्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून ८ आणि ९ हे आकडे दर्जाच्या शिक्क्यासारखे वापरले. कायदा करणाऱ्यांना हे अपेक्षित नव्हतं, पण ते झालं आणि त्याचा भार तुमच्यामाझ्यासारख्यांवर पडला.

माझाच अनुभव सांगते. २०२१ च्या शरद ऋतूत, या कामात पडण्याआधी, मी माझ्या बँकेतून असाच एक फंड घेतला. नावात 'सस्टेनेबल' होतं, माहितीपत्रकावर पवनचक्क्या होत्या आणि सल्लागार बाई म्हणाल्या की हा आर्टिकल ८ आहे, निश्चिंत राहा. पुढे ठरावीक नमुन्यातला वार्षिक अहवाल सक्तीचा झाला तेव्हा त्यात पहिल्या १५ गुंतवणुकींचा तक्ता आला. नवव्या ओळीत एक मोठी तेल कंपनी होती. मी बँकेत गेले तर उत्तर मिळालं, 'हा बेस्ट इन क्लास फंड आहे.' म्हणजे प्रत्येक क्षेत्रातल्या त्यातल्या त्यात बऱ्या कंपन्या घ्यायच्या. तेलाच्या क्षेत्रातलीही एखादी बरी असतेच. प्रॉस्पेक्टसमध्ये हे लिहिलेलं होतं, त्यामुळे नियमाने काहीच चुकलं नव्हतं. मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मी शोधलं नव्हतं. त्या दिवशी मला जे वाटलं ते तुम्हाला वाटू नये, म्हणून पुढचं लिहिते.

तुमच्या बँकेकडून प्रॉस्पेक्टसला जोडलेलं एसएफडीआरचं परिशिष्ट मागा. आर्टिकल ८ साठी ते 'परिशिष्ट दोन' असतं, ९ साठी 'परिशिष्ट तीन'. १ जानेवारी २०२३ पासून सगळ्या फंडांना एकच नमुना आहे. पहिल्याच पानावर दोन चौकटी दिसतील. या उत्पादनाचं शाश्वत गुंतवणूक हे उद्दिष्ट आहे का, हो की नाही? आर्टिकल ८ च्या फंडात 'नाही'वर खूण असते. सल्लागाराच्या तोंडून 'सस्टेनेबल' ऐकलेल्या माणसाने ही एक खूण डोळ्यांनी पाहावी. त्या 'नाही'च्या खाली लगेच एक ओळ असते: तरीही किमान इतके टक्के शाश्वत गुंतवणूक असेल. तिथला आकडा हे फंडाचं वचन. कुठे ५ असतो, कुठे ४०, कुठे ती ओळ रिकामीच असते आणि 'शाश्वत गुंतवणूक करणार नाही' या चौकटीवर खूण असते.

त्या आकड्याबद्दल एक गोष्ट बाहेर फार कमी लोकांना माहीत आहे. समजा एका कंपनीचं ३० टक्के उत्पन्न सौरऊर्जेतून येतं. एक फंड कंपनी तिचे ३० टक्केच शाश्वत धरते, दुसरी अख्खी कंपनी धरते, म्हणजे १००. दोन्ही चालतं. एप्रिल २०२३ मध्ये युरोपियन कमिशनने मोजायची पद्धत फंड कंपन्यांवरच सोडली. त्यामुळे एका फंडाचे ४० टक्के आणि दुसऱ्याचे ४० टक्के शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. लहान गुंतवणूकदारासाठी केलेल्या कायद्यात ही फट राहावी याचा मला आजही राग येतो, कारण तो बिचारा तुलना करायलाच तर हा कागद उघडतो.

आणखी खाली हिरवे आलेख येतात, ईयू टॅक्सॉनॉमीचे. टॅक्सॉनॉमी म्हणजे कोणता उद्योग पर्यावरणदृष्ट्या शाश्वत मानायचा याची युरोपची यादी आणि त्यासाठीच्या तांत्रिक अटी. ही त्यातल्या त्यात कडक मोजपट्टी आहे (अणुऊर्जा आणि नैसर्गिक वायूलाही काही अटींवर त्यात जागा मिळाली, त्यावरून मोठं भांडण झालं, पण तो वेगळा विषय). या आलेखांत बहुतेक वेळा तुम्हाला ० टक्के दिसेल. घाबरू नका. शून्य म्हणजे फंडात हिरवं काहीच नाही असं नव्हे. कंपन्यांकडून भरवशाची माहिती येत नाही आणि किमान आकडा लिहिला की तो पाळावा लागतो, म्हणून फंड कंपन्या शून्य लिहून मोकळ्या होतात. मी स्वतः कितीतरी वेळा तिथे शून्य भरलंय. तरी अर्थ ध्यानात ठेवा: या कडक मोजपट्टीवर फंडाने तुम्हाला काहीही वचन दिलेलं नाही.

मग वार्षिक अहवालातलं परिशिष्ट काढा, आर्टिकल ८ ला 'परिशिष्ट चार'. तिथे वचन नसतं, प्रत्यक्षात काय झालं ते असतं. वर सांगितलेला १५ गुंतवणुकींचा तक्ता तिथेच, क्षेत्र आणि देशासकट. मला विचाराल तर या कायद्याने लहान माणसाला दिलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हा तक्ता आहे. त्याला तांत्रिक ज्ञान लागत नाही. नावं वाचायची आणि स्वतःला विचारायचं, मला माझे पैसे इथे हवेत का?

बँकेच्या बाजूनेही एक बंधन आहे. २ ऑगस्ट २०२२ पासून गुंतवणुकीचा सल्ला देताना सल्लागाराने तुम्हाला शाश्वततेबद्दल काय हवंय हे विचारलंच पाहिजे. टॅक्सॉनॉमीतली किमान टक्केवारी हवी का, शाश्वत गुंतवणुकीची किमान टक्केवारी हवी का, की पर्यावरणावर आणि समाजावर होणारे मुख्य दुष्परिणाम विचारात घेतलेले हवेत. प्रत्यक्षात 'तुम्हाला सस्टेनेबल हवंय ना?' एवढ्या एका वाक्यात हे उरकलं जातं. तुमच्या बाबतीत काय झालं ते आठवा. जर्मनीत व्यवहाराआधी तुम्हाला लेखी 'गेआइग्नेटहाइट्सएर्क्लेरुंग' मिळायला हवं, म्हणजे हे उत्पादन तुम्हाला का योग्य आहे याचं निवेदन. त्यात तुमची उत्तरं नीट उतरली आहेत का ते वाचा. आणि म्युनिक, फ्रँकफर्ट, आइंडहोव्हनकडची आपली बरीच मंडळी मोबाइलवरच्या ब्रोकरकडून महिन्याला ठरावीक रकमेचे ईटीएफ (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे फंड) घेतात. तिथे सल्ला नसतो, म्हणून हा प्रश्नही कुणी विचारत नाही. तिथे परिशिष्ट हाच एकमेव आधार.

आता नावाबद्दल, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला. एस्मा या युरोपियन बाजार नियामकाने २०२४ मध्ये फंडांच्या नावांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. नव्या फंडांना २१ नोव्हेंबर २०२४ पासून, जुन्यांना २१ मे २०२५ पासून. नावात 'सस्टेनेबल', 'ग्रीन', 'ईएसजी' (पर्यावरण, समाज आणि कारभार) असं काही असेल तर किमान ८० टक्के गुंतवणूक त्या वैशिष्ट्यांसाठीच हवी. शिवाय काही कंपन्या वर्ज्य: दगडी कोळशातून किंवा लिग्नाइटमधून १ टक्का किंवा जास्त उत्पन्न असणाऱ्या, तेलातून १० टक्के किंवा जास्त, वायूतून ५० टक्के किंवा जास्त, आणि तंबाखू पिकवणाऱ्या. 'सस्टेनेबल' शब्द असेल तर शाश्वत गुंतवणूकही अर्थपूर्ण प्रमाणात हवी. 'ट्रान्झिशन' (हळूहळू हिरव्याकडे वळणं) शब्द असेल तर कोळसा-तेलाची ही अट लागत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

याचा परिणाम मी टेबलाच्या या बाजूने पाहिला. शेकडो फंडांनी नावं बदलली. माझ्या त्या जुन्या फंडाचंही पत्र २०२५ च्या वसंतात घरी आलं, फ्रेंचमध्ये, दीड पानाचं. नावातला 'सस्टेनेबल' काढून तिथे एक साधा शब्द घातला होता आणि खाली लिहिलं होतं की गुंतवणुकीच्या धोरणात कोणताही बदल नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. साडेतीन वर्षं मी ज्या शब्दासाठी तो फंड धरून ठेवला होता, तो शब्द त्यांना राखता येत नव्हता. पण मला ते कळलं तरी. कित्येक पानांच्या परिशिष्टांनी सामान्य माणसाला जे सांगितलं नाही ते या एका नियमाने सांगितलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यामुळे तुमच्या फंडाच्या नावात आजही 'सस्टेनेबल' असेल तर २०२१ पेक्षा त्या शब्दाला आज बरंच वजन आहे.

फसवणूक झाली तर? एसएफडीआर स्वतः तुम्हाला भरपाई देत नाही, दंडाचं कामही देशोदेशीच्या नियामकांकडे आहे. सगळ्यात गाजलेलं प्रकरण जर्मनीतलंच, डॉइश बँकेच्या डीडब्ल्यूएस या फंड कंपनीचं. तिथल्या शाश्वतता विभागाच्या माजी प्रमुखांनी कंपनी शाश्वततेचे दावे फुगवून सांगते असा आवाज उठवला, मे २०२२ मध्ये फ्रँकफर्टच्या कार्यालयांवर छापा पडला, सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकाशी १९ दशलक्ष डॉलरची तडजोड झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या सरकारी वकिलांनी २५ दशलक्ष युरोचा दंड केला. पण दंड सरकारजमा होतो, युनिटधारकाच्या खात्यात येत नाही. तुमचा खरा मार्ग चुकीच्या सल्ल्याचा आहे: आधी बँकेकडे लेखी तक्रार, मग ती बँक ज्याच्याशी जोडलेली आहे ते तक्रार निवारण मंडळ, जोडीला बाफिन या जर्मन वित्तीय नियामकाकडे तक्रार. आणि तिथे 'ते तोंडी म्हणाले होते' हे चालत नाही.

कायदा बदलतोयही. २० नोव्हेंबर २०२५ ला कमिशनने नवा मसुदा मांडला. ८ आणि ९ चे खण जाऊन शाश्वत, ट्रान्झिशन आणि मूलभूत ईएसजी असे तीन वर्ग, प्रत्येकात किमान ७० टक्के गुंतवणूक त्या धोरणाला धरून आणि वर्गानुसार वर्ज्य कंपन्यांची यादी. कागदही आखूड होतील. मला ही दिशा पटते, कारण पहिल्यांदाच वर्गाच्या नावामागे अट येते. पण पार्लमेंट आणि सदस्य देशांच्या संमतीनंतरही तो लागू व्हायला वेळ लागेल. तोवर तुमच्या हातात परिशिष्टच.

म्हणून सही करण्याआधी सल्लागाराला एक ईमेल पाठवा. आपले शब्द घाला, पण हे चार प्रश्न सोडू नका: परिशिष्ट दोनमध्ये शाश्वत गुंतवणुकीची किमान टक्केवारी किती; ती मोजताना अख्खी कंपनी धरता की उत्पन्नाचा हिस्सा; मागच्या वार्षिक अहवालातल्या पहिल्या १५ कंपन्या कोणत्या; आणि गेल्या दोन वर्षांत फंडाचं नाव बदललंय का, बदललं असेल तर आधीचं काय होतं. फोन करून सांगतो म्हणाले तर नम्रपणे सांगा की उत्तर लेखीच हवं. आलं की इथे टाका, खाते क्रमांक वगैरे झाकून. परिशिष्ट जर्मनमध्ये असलं तरी चालेल, मी वाचून सांगते.