‘हा मेसेज तिनेच लिहिलाय कशावरून?’

‘एआयकडून लिहून घेतलेला मेसेज पाठवला, तर ती फसवणूक होते का?’ माझ्याकडे समुपदेशनाला येणारी जोडपी विचारतात, भावंडं विचारतात, हल्ली आईवडीलही विचारतात. पुढे पुढे तर समोरून आलेलंही काही खरं वाटेनासं होतं.

पस्तिशीतला एक भाऊ (ओळखीचे तपशील बदलले आहेत) इथेच अडकला होता. वडिलांच्या ऑपरेशनला तो गेला नव्हता. सगळं ताईने एकटीने निभावलं. नंतर त्याने चॅटबॉटकडून माफीचा मेसेज लिहून घेतला. उत्तरही तितकंच गुळगुळीत आलं.

‘“तुझ्या भावनांचा मी आदर करते” असं ताई जन्मात बोललेली नाही,’ तो म्हणाला. एआय ओळखणाऱ्या दोन वेबसाइटवर त्याने तिचा मेसेज तपासलाही होता. एकीने हो म्हटलं, दुसरीने नाही.

ती तपासणी आधी थांबवायला लावली. चार ओळींच्या मजकुरावर तर ही साधनं मुळीच भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं.

तरी दोन-तीन भेटी खऱ्या-खोट्याच्या वादातच गेल्या. मग विचारलं, ‘चॅटबॉटला तुम्ही नेमकं काय सांगितलं होतं? वाचून दाखवा.’

‘ताईला माफीचा मेसेज लिही. ऑपरेशनला गेलो नाही. कामाचं कारण दिलं होतं, पण खरं तर मी घाबरलो होतो. घाबरल्याचं लिहू नकोस.’

‘यातलं ताईपर्यंत काय पोचलं?’

तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला. ‘कामाचं कारण. तेवढंच.’

मेसेज कोणी लिहिला हा प्रश्न तिथे मागे पडला. यंत्राला सांगितलं आणि माणसापासून लपवलं, ते काय? मी मानसशास्त्रज्ञ रॉजर्स यांच्या परंपरेतली समुपदेशक. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समुपदेशकासाठी ज्या अटी मांडल्या, त्यात आत एक आणि बाहेर एक नसणं ही एक. गंमत अशी, की १९६६ च्या ‘एलायझा’ या संगणक प्रोग्रॅमने नक्कल केली ती आमच्याच पद्धतीची, आणि लोक त्यापुढे मन मोकळं करू लागले. यंत्रापुढे लाज वाटत नाही. त्यामुळे खरी ओळ बहुतेकदा तुम्ही दिलेल्या सूचनेतच सापडते.

म्हणून आधी ती सूचना उघडा आणि ‘हे लिहू नकोस’च्या आसपास बघा. मग आपल्या हाताने चार-पाच वाक्यं लिहा: मी काय केलं, तेव्हा माझं काय चाललं होतं, त्याचा भार तुझ्यावर कसा पडला. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे काढा. त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. ‘पण’नंतरचा खुलासाही काढा. मोठ्याने वाचा; फोनवर जे तोंडातून निघणार नाही, ते खोडा. शुद्धलेखनासाठी यंत्र वापरायचंच असेल, तर ‘शब्द बदलू नकोस’ असं बजावा. लिहिणं जमत नसेल, तर मिनिटभराचा आवाज पाठवा.

इथे एक चूक हमखास होते: खरेपणाच्या नादात लोक दहा वर्षांचं सगळं एकदम ओततात. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट पुरे. या भावाने भीतीची ओळ पाठवली. उत्तर रागाचं आलं, लांबलचक, जुन्या दोन तक्रारींसकट. तो हिरमुसला, मला मात्र ते उत्तम लक्षण वाटलं.

रजेचे अर्ज, कामाची पत्रं, औपचारिक आभार खुशाल यंत्राकडून लिहून घ्या. तिथे साच्यातली भाषाच अपेक्षित असते.