सर्वाधिक मतं, तरी विरोधी बाकावर

प्रश्न : २०२२ मध्ये स्वीडनच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला सर्वाधिक ३०.३ टक्के मतं पडली, तरी पंतप्रधान १९.१ टक्केवाल्या मॉडरेट पक्षाचा झाला. कसा? आणि संसदेच्या जागा ३४९ अशा विषम का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : आपल्या नागपूरमधून लोकसभेवर एकच खासदार जातो. स्वीडनमध्ये २९ मतदारसंघांतून ३१० जण निवडले जातात, म्हणजे एकेका ठिकाणाहून अनेक.

जागा अशा ठरतात : पक्षाच्या मतांना आधी १.२ ने भागतात. एक जागा मिळाली की मूळ मतांना ३ ने, मग ५ ने, ७ ने. ज्याचा आकडा मोठा, त्याला पुढची जागा. समजा जागा ५ आणि मतं अ ४८,०००, ब ३०,०००, क १७,०००, ड ५,०००. पहिली जागा अ ला (४०,०००), दुसरी ब ला (२५,०००), तिसरी पुन्हा अ ला (१६,०००), चौथी क ला (१४,१६७). पाचवीला अ चे ९,६०० उरतात, ब चे १०,०००. जागा ब ला. जवळजवळ निम्मी मतं असून अ ला दोनच! ही तूट देशपातळीवर उरलेल्या ३९ जागांतून भरून काढतात.

अट एकच, पण जीवघेणी : देशभरात ४ टक्के मतं हवीत. (एखाद्याच मतदारसंघात १२ टक्के मिळाली, तर तिथल्यापुरता वाटा मिळतो.) २०२२ मध्ये मॉडरेटच्या गटातला लिबरल पक्ष ४.६ टक्क्यांवर तरला. तो बुडता, तर पारडं फिरलं असतं. या गटाच्या जागा अशा : मॉडरेट ६८, स्वीडन डेमोक्रॅट ७३, ख्रिश्चन डेमोक्रॅट १९, लिबरल १६. बेरीज १७६, म्हणजे बहुमताच्या १७५ पेक्षा एक जास्त. गंमत म्हणजे त्यांतला सर्वांत मोठा, ७३ जागांचा पक्ष मंत्रिमंडळाबाहेरच राहिला.

तिथे पंतप्रधानाला बहुमताचा होकार लागत नाही. विरोधात १७५ मतं पडू नयेत, एवढंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये पंतप्रधानपदासाठी सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या मॅग्डालेना अँडरसन यांच्या बाजूने ११७, विरोधात १७४ मतं पडली, ५७ जण तटस्थ राहिले. तरी त्या निवडून आल्या. म्हणून निकालाच्या रात्री पहिला पक्ष कोणता हे बघून अंदाज बांधू नका, गटांची बेरीज बघा. तीही घाईने नको : परदेशातली आणि उशिरा पोचलेली मतं बुधवारी मोजतात.

३४९ चं कारण सोपं. १९७३ मध्ये ३५० जागा होत्या आणि दोन्ही गट १७५-१७५ वर अडकले. काही ठरावांचा निकाल चक्क चिठ्ठी टाकून लावावा लागला. १९७६ च्या निवडणुकीपासून एक जागा कमी केली.