बुटीबोरीच्या कारखान्यात जानेवारीपासून 200 दिवस भरले. 240 झाल्याशिवाय पगारी रजा नाही म्हणतात, खरं आहे का?

नाही, आता 180 दिवस भरले की पगारी रजेचा हक्क लागतो. 200 दिवसांवर तुमच्या 10 रजा होतात. 240 ची अट 1948 च्या कारखाने अधिनियमातली. इतकी वर्षं चालली, की टाइम ऑफिसात अजून तोच आकडा तोंडात बसलाय (मी स्वतः हजेरी-पगाराचंच काम बघतो). 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 च्या कलम 32 मध्ये ती 180 वर आली. दर जुनाच, 20 दिवस कामाला 1 रजा.

अर्ज मात्र तोंडी करू नका. न घेतलेल्या रजा 30 पर्यंतच पुढच्या वर्षात जातात, पण रीतसर मागून नाकारलेल्या रजेला ही मर्यादा नाही. ते सिद्ध करायला कागद लागतो: दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. आणखी एक, रजेच्या मधे कारखान्याची पोळ्याची सुट्टी आली तर तो दिवस रजेतून कापायचा नसतो. हमखास कापतात, तेवढं पगारपत्रकात बघा. नोकरी सोडलीत तर शिल्लक रजांचे पैसे दुसरा कामकाजाचा दिवस संपायच्या आत मिळायला हवेत.

हे सगळं 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. तुम्ही सुपरवायझर असाल आणि पगार महिना 18,000 च्या वर असेल, तर आधी नेमणूकपत्रातल्या रजेच्या अटी वाचा.